त्या मुलीने दिवा मालवला, हन्ना मावशी

हन्ना मावशी, तुझ्या शोकसभेत तुझ्या पुस्तकाचा शेवट खोटा सांगितला गेला, आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात एवढंही भान कुणाला राहिलं नाही. सांगणारे होते आपल्या पनवेलमधल्या एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. नाव लिहीत नाही, तेवढी जाहिरात त्यांना माझ्याकडून नको. तुझ्या फोटोला हार घालून ते माइककडे वळले आणि म्हणाले, शत्रूची बंदूक समोर असताना बारा वर्षांच्या मुलीने दिवा विझू दिला नाही, असा ज्वलंत शेवट मराठी साहित्याला देणाऱ्या कोकणकन्या हन्नाबाईंना मी वंदन करतो.

मी तिसऱ्या रांगेत होते, पिशवीत तुझी ‘दिवेबंदी’ घेऊन. उभी राहिले आणि म्हटलं, "मालवला तिने. साहेब, शेवटचं पान वाचा."

सूत्रसंचालन करणाऱ्या बाई फार गोड आवाजात म्हणाल्या, ताई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो, बसून घ्या. मग दोन मिनिटं शांतता पाळली गेली. त्या दोन मिनिटांत मी इतकी संतापले होते की तुझ्यासाठी एकही मिनिट शांत उभी नव्हते. हे आधी सांगून टाकते.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही, आणि त्या सभागृहातल्या बहुतेकांनी वाचलेलं नव्हतं, त्यांच्यासाठी सांगायला हवं. शंभरएक पानांची कादंबरी. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजेने अंदमान घेतलं त्या काळातलं पोर्ट ब्लेअर. तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून गेलेलं आपल्या जुन्या कुलाबा जिल्ह्यातलं एक बेने इस्रायली कुटुंब, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, तुझ्यासारखे. त्या घरातली मुलगी दीना. जहाजं येतात तेव्हा ती बारा वर्षांची असते आणि पुस्तक संपतं तेव्हा मोठी झालेली असते. मधल्या काळात ती शाळेत जपानी अक्षरं गिरवते, पहारेकऱ्याला कमरेत वाकून नमस्कार करायला शिकते, विमानतळासाठी खडी वाहते, जंगलातले कंद उकडून खाते. आणि दर शुक्रवारी संध्याकाळी तिची आजी शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या विसाव्याच्या दिवसाचा, दिवा लावते. काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल, त्यात वात. तो एकदा लावला की कुणी मालवायचा नाही, तेल संपलं की आपला आपण जाईल. बाहेर मात्र दिवेबंदीचा हुकूम असतो. खिडकीतला उजेड म्हणजे इंग्रजांच्या बोटीला केलेली खूण, आणि खूण करणारा तो हेर. शेजारच्या तारमास्तरला अशाच उजेडावरून उचलून नेलेलं असतं. तो परत येत नाही.

एका शुक्रवारी दारात एक जपानी शिपाई उभा राहतो. त्याची दाढ दीनाच्या बापाने आठवड्यापूर्वी उपटलेली असते, गाल अजून सुजलेला. तो दिव्याकडे बोट दाखवतो, रस्त्याच्या वळणाकडे बोट दाखवतो, निघून जातो. मागून गस्त येते आहे. आजी हलत नाही. बाप आजीच्या तोंडाकडे बघत राहतो. आणि दीना उठून पेल्यात दोन बोटं घालते आणि वात चिमटीत दाबते.

तोंडाने फुंकत नाही. दिव्यावर तोंडाने फुंकर घालायची नाही, हे आजीनेच शिकवलेलं. आमच्या घरातही आई तेच सांगते. ते वाचून मला पहिल्यांदा वाटलं होतं की हे पुस्तक माझ्या ओळखीचं आहे.

मग काळोख. गस्त दारावरून निघून जाते. आणि तुझ्या पुस्तकाचं शेवटचं वाक्य असं आहे, की दिव्यावर कधी फुंकर न घातलेलं ते तोंड काळोखात नातीचा हात शोधतं आणि तिच्या भाजलेल्या बोटांवर फुंकर घालतं.

हे कापून संस्थेवाले तिथे ‘ज्वलंत’ काय ते घालायला निघाले होते.

आपली ओळखच पत्रकावरून झाली. खाडीतल्या भरावाविरुद्धची आमची पत्रकं घेऊन मी तुझ्या इमारतीत दारोदार फिरत होते. इतरांनी घेऊन दार लावलं. तू मला आत बोलावलंस, चष्मा शोधलास, पेन्सिल शोधलीस आणि माझ्यासमोर माझं पत्रक तपासायला घेतलंस. ‘भीषण’ खोडलंस. ‘नराधम’ खोडलंस. ‘जाज्वल्य’ खोडताना मान वर करून विचारलंस, हे काय असतं, तू पाहिलंयस का कधी? मग म्हणालीस, भराव कुठे पडला, कुणाचं मीठ गेलं, कुणाच्या जाळ्यात काय यायचं बंद झालं, ते राहिलं की सगळं. मी तुम्ही-तुम्ही करत वाद घालायला लागले तर म्हणालीस, "ए, मी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. तुम्ही-तुम्ही करून लोकांनी मला भरपूर शिव्या दिल्यात. तू म्हण आणि नीट भांड."

त्या दिवसापासून मी तुझी पत्रकवाली. नावाने हाक मारल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि भांडलो आपण. बाप रे, भांडलो. पहिलं भांडण त्या शिपायाच्या दाढेवरून. मी म्हटलं होतं, ज्यांनी माणसं छळून मारली त्यांच्यातल्या एकाला तू दाढदुखी कशाला दिलीस? वाचणाऱ्याला त्याची कणव येते. तू म्हणालीस, येऊ दे. शत्रूला दाढ नसती तर लढाई फार सोपी गेली असती. मी म्हटलं, हे असं लिहून तू त्यांना सोडून देतेस. तू म्हणालीस, तारमास्तर परत आला का पुस्तकात? नाही ना आला? मग सोडलं कुठे? यावरचं उत्तर मला आता सुचलंय, पण ऐकायला तू नाहीस.

दुसरं भांडण मोऱ्याच्या बंदरातल्या धक्क्यावरचं. तू मला मुद्दाम घेऊन गेली होतीस, बोट कशी येते ते बघायला. मुंबईकडची बोट दिसायला लागली तशी म्हणालीस, बघ, आधी नुसता ठिपका असतो. कुणाची बोट, कशाला येतेय, धक्क्यावर कुणालाच माहीत नसतं. तरी माणसं उभी राहून बघतात. दीनानेही तसंच पाहिलं. मी तिथे माझं घोडं दामटलं. म्हटलं, आमच्या गावाचंही हेच झालं, मिठागरं गेली, खाडी गेली, गावाभोवती कंटेनर रचले, आम्ही आमच्याच गावात परके, हाही कब्जाच. तुझ्या पुस्तकातलं पान घेऊन मी पत्रक काढते, ‘कालचा कब्जा, आजचा कब्जा’. तू सरळ नाही म्हणालीस. तुझ्या गावात कंटेनर आलेत, फौज आलेली नाही. तुझी आजी कंद उकरून खाते का? तुला रस्त्यात कुणाला वाकून नमस्कार करावा लागतो का? तू ओरडू शकतेस, पत्रकं वाटू शकतेस. ज्यांना ओरडता आलं नाही त्यांचा शब्द उचलू नकोस, तुझा तू शोध.

मला तेव्हा फार लागलं होतं. अजून लागतं. जमीन जाते तेव्हा माणूस रोज थोडं थोडं वाकतोच, मावशी, फक्त समोर पहारेकरी दिसत नाही. हे मी तुला परतीच्या सहा-आसनी रिक्षात बोलले नाही कारण रुसले होते. ते भांडण आपण पुढच्या खेपेला ठेवलं. पुढच्या खेपेला तू हॉस्पिटलमध्ये होतीस.

पण सगळ्यात मोठं भांडण दिव्याचं, आणि ते मला टाळता येणार नाही. अध्यक्षांनी जो शेवट सांगितला, तोच शेवट मी तुला सुचवला होता. अगदी तोच. दीनाने उठून दिव्यापुढे उभं राहावं, गस्त आत यावी, दिवा जळत राहावा, तिथे पुस्तक संपावं. मी म्हटलं होतं, मुली हे वाचतील तर त्यांना बळ मिळेल. तू विचारलंस, आणि आजीचं काय झालं? बापाचं काय झालं? मी म्हटलं, पुस्तक संपलं ना. तू म्हणालीस, तुझं संपलं. त्यांना रात्र काढायची होती.

मी तुझं पुस्तक घरी नेऊन माझ्या आजीलाही वाचून दाखवलं होतं. ती शाळेत गेलेली नाही, मिठागरात राबलेली बाई. मला वाटलं होतं ती माझ्या बाजूने बोलेल. ती म्हणाली, "शानी पोर. आमी नाय इजवला आसता काय? दिवा उद्या लावता येल. बापूस कुठना आनशील?" हे तुला सांगितलं तेव्हा तू खुर्चीत मागे टेकून हसलीस आणि म्हणालीस, पुस्तकावर आलेला पहिला अभिप्राय, आणि तोही न छापलेला. खरं होतं ते. या गावाने तुझ्या पुस्तकाची दखल घ्यायला तू मरण्याची वाट पाहिली. जिवंत होतीस तेव्हा त्याच संस्थेच्या वाचनालयाने तुझ्या प्रती परत पाठवल्या होत्या, विषय स्थानिक नाही म्हणून. मेल्यावर तू एका झटक्यात कोकणकन्या झालीस. बेने इस्रायली हा शब्द त्या सभेत एकदाही उच्चारला गेला नाही. शब्बाथ हाही नाही. दिवा मात्र घेतला त्यांनी, स्टेजवर चांगला दिसतो म्हणून.

तुझ्या दफनाच्या दिवशीही मी चिडलेलीच होते. तुमच्या प्रार्थनेला दहा पुरुष हवेत. पनवेलमध्ये तुमची घरं उरली किती? नऊ जमले होते, दहावा अलिबागहून यायचा होता आणि खोपोलीच्या बाजूने आलेल्या ट्रकांमुळे कुठेतरी अडकला होता. मी तिथेच उभी होते. तुझ्या इमारतीतल्या चार बायका होत्या. आम्ही कुणी मोजण्यात नव्हतो. मी पुढे होऊन काही बोलणार होते, तोंड उघडलंही होतं. मग तुझा आवाज आला डोक्यात, माझ्या मयतावर पत्रक नको वाटूस. गप्प बसले. दहावा आला, घामाघूम, सगळ्यांची माफी मागत. म्हातारा होता. तुझ्या आईला ओळखायचा म्हणाला. त्याच्यावर चिडता आलं नाही.

आता खरी गोष्ट. शोकसभेनंतर आठवड्यात कळलं की संस्था ‘दिवेबंदी’ची नवी आवृत्ती काढते आहे, शाळांतून वाटायला, आणि त्यावर मुलांचं नाटुकलं बसवते आहे. शेवट ‘किंचित सुधारून’. मी अध्यक्षांच्या कार्यालयात गेले. ते म्हणाले, बाळ, मुलांना पराभव दाखवायचा नसतो. मी म्हटलं, हा पराभव नाही, आणि तुम्ही पान वाचलंय का? ते म्हणाले, वाचलंय आता, म्हणूनच बदलतोय. निदान खरं बोलले. पुढे म्हणाले, हक्क त्यांच्या भाच्याकडे आहेत, इस्रायलमध्ये अश्दोदला. त्यांनी तोंडी होकार दिलाय, कागद यायचा बाकी आहे.

मी त्या भाच्याला, रूबेनला, फोन लावला. तू त्याच्याबद्दल इतकंच सांगायचीस की लहानपणी गेला आणि देवभक्त झाला. त्याचं मराठी अगदी जुनं आहे, मावशी, आपल्याकडे आता कुणी बोलत नाही तसं. "कोण बोलतेस गे?" म्हणाला. मी म्हटलं, मी तिची पत्रकवाली. तो हसला, ठाऊक आहे, फार भांडतेस म्हणे. मला वाटलं, सुटलं. दोन वाक्यांत समजावेन. पण कहाणी उलटीच निघाली. शेवट बदलायला तो राजी होता ते संस्थेच्या आग्रहाने नव्हे. त्यालाच ते पान नको होतं. म्हणाला, आमच्या घरात शब्बाथचा दिवा कोणी मालवत नाही. माझी पोरं ते पुस्तक वाचायला लागली तर त्यांना काय सांगू? आमच्या माणसांनी हाताने दिवा मालवला म्हणून? ते लोक दिवा लागलेला ठेवतायत, मग चांगलंच करतायत की.

एकाला देशासाठी दिवा जळता हवा, दुसऱ्याला देवासाठी. दोघांनाही ती मुलगी नको. मी इतकी वर्षं ज्या शेवटासाठी तुझ्याशी भांडले तो आता दोन बाजूंनी ऐकत होते, आणि फोन हातात घेऊन मला तुझी बाजू मांडायची होती. तुझी बाजू मला कधी पटलेलीच नव्हती ना. मी अडखळले. मुक्ती, प्रतिकार, इतिहास, जे काही येत होतं तोंडात ते सगळं तू पेन्सिलीने खोडलं असतंस.

मग मी त्याला ते सांगितलं जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मागच्या वर्षी एका शुक्रवारी मी पत्रकाचं प्रूफ घेऊन तुझ्याकडे आले होते. दिवा लावून झाला होता. आपण बोलत बसलो आणि वास आला. सिलिंडरची नळी सुटली होती. घर गॅसने भरत होतं आणि कोपऱ्यात पेल्यातली वात जळत होती. मी दिव्याकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं, आणि नुसती उभी राहिले. मला नियम माहीत होता. रोज पत्रकं वाटणारी, घोषणा देणारी मी, जागची हलले नाही. तू उठलीस. काठी न घेता. पेल्यात दोन बोटं घातलीस आणि वात चिमटीत दाबलीस. फुंकर नाही, धडपड नाही, बोटं नेमकी वातीवर गेली. मग म्हणालीस, "बघत काय उभी राहिलीस, पत्रकवाली? खिडकी उघड. बटणाला हात लावू नकोस."

मी खिडक्या उघडल्या, रेग्युलेटर बंद केला, आणि आपण दोघी बाहेर जिन्याच्या पायरीवर बसलो. तुझी बोटं लाल झाली होती. मी काही विचार न करता तुझा हात धरला आणि त्यावर फुंकर घातली. मग म्हणालीस, पुस्तक नीट वाचलंयस म्हणजे.

मी विचारलं, "मावशी, दीना तूच ना?"

"गॅसवाल्याला फोन कर," म्हणालीस.

कायम असंच. कुणी विचारलं की, मी पनवेलची, बाकी सगळी कादंबरी. मला वाटायचं, वेळ आहे, कधीतरी सांगशील. नाही सांगितलंस. सांगायला हवं होतंस, याचा राग आहे माझ्या मनात, आणि तो मी कमी करणार नाही.

हे सगळं रूबेनने फोनवर ऐकून घेतलं. मग सावकाश म्हणाला, तिथे गॅस होता, जिवाचा प्रश्न होता. जीव वाचवायला शब्बाथ मोडता येतो, तशी आज्ञाच आहे.

मी म्हटलं, "तिथेही जिवाचाच प्रश्न होता, रूबेनदादा. दाराबाहेर."

पलीकडे कुणी मूल काहीतरी विचारत होतं, तो त्याला त्यांच्या भाषेत थांब म्हणाला असावा. मग मला म्हणाला, "आजी तिच्यावर रागावली नव्हती, असं आहे का पुस्तकात?" मी त्याला शेवटचं वाक्य वाचून दाखवलं. त्याने पुस्तक पूर्ण वाचलंच नव्हतं, मावशी. त्यालाही कुणीतरी फक्त सांगितलं होतं. त्याने ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं.

"तिने लिहिलंय तसं छापा," तो म्हणाला. "नाहीतर छापू नका."

संस्थेने अर्थातच छापायचं नाही असं ठरवलं. अध्यक्षांनी निरोप पाठवला की या परिस्थितीत प्रकल्प स्थगित करण्यात येत आहे. नाटुकलंही स्थगित. मुलांना पराभव दिसणार नाही. शाळांतून तुझं पुस्तक जाणार नाही, आणि हे माझ्यामुळे झालं हेही खरं आहे. कामोठ्याच्या क्लासमध्ये मी ज्या मुलींना शिकवते त्यांच्या हातात ते पडलं असतं, खोटं का होईना. तुला काय आवडलं असतं याची मला खात्री आहे, तरी रात्री कधीतरी वाटतं की तुला विचारायला हवं होतं.

म्हणून मला जे येतं ते करते आहे. शेवटचं पान पत्रक म्हणून छापलंय. रूबेनने हो म्हटलंय. आमच्या नेहमीच्या छापखान्यात दिलं तेव्हा ते विचारत होते, मथळा काय, खाली कोणाचं नाव, मागणी काय? म्हटलं, मथळा नाही, नाव मावशीचं आणि पुस्तकाचं, मागणी काही नाही. ते म्हणाले, मग हे पत्रक कसलं? पण छापलं. उद्या शुक्रवार आहे. संध्याकाळी एसटी स्टँडसमोर उभी राहून वाटणार आहे, आणि पहिलं पत्रक अध्यक्षांच्या कार्यालयात स्वतः नेऊन देणार आहे.

दिव्याचं भांडण मी हरले, हे कबूल. मोऱ्याचं हरलेले नाही. ते भांडण चालू आहे असं समज.

पत्रकात मी स्वतःचा एकही शब्द घातलेला नाही. ‘भीषण’ नाही, ‘ज्वलंत’ तर नाहीच. तपासून बघ. तुझी पेन्सिल मात्र मी तुझ्या दफनाच्या दिवशी तुझ्या टेबलावरून उचलून आणली आहे, आणि ती अश्दोदला पाठवणार नाही.